स्टोरबाबूंची चार चाकं

नाकाडोंगरीत येऊन संघपाल खोब्रागडे कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा माणूस डोकं खाजवेल. स्टोरबाबू कुठे राहतात असं विचारलंत, तर तो तुम्हाला थेट घरापर्यंत आणून सोडेल आणि वर चहाही तिथेच घेईल. धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी जन्म झाला म्हणून वडिलांनी मोठ्या हौसेने संघपाल नाव ठेवलं होतं. पण जवळच्या मँगनीजच्या खाणीत पस्तीस वर्षं स्टोर सांभाळल्यावर ते नाव पगारपत्रकात आणि लग्नपत्रिकांत तेवढं उरलं.

स्टोरात नटबोल्टापासून बुलडोझरच्या साखळीपर्यंत जे जे होतं ते स्टोरबाबूंना नावानिशी आणि नंबरानिशी पाठ होतं. डोळे बांधून सोडलं तरी तिसऱ्या रॅकवरचा फॅनबेल्ट काढून हातात देतील, अशी ख्याती. फक्त तो फॅनबेल्ट पुढे कुठे आणि कसा बसतो, हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही. ते आपलं काम नाही, असं ते म्हणत. आपलं काम काय नाही याची त्यांना पक्की माहिती होती आणि नियमाच्या बाहेर त्यांनी कधी एक वॉशरसुद्धा दिला नाही.

अशा माणसाने निवृत्तीच्या आदल्या वर्षी खाणीच्या लिलावात एक जीप घेतली. खाणीच्या आवारात आठ-दहा वर्षं चिंचेखाली उभी असलेली, हिरवा रंग उडालेली, जुनी फोर-व्हील जीप. तोवर त्यांच्या नावावर सायकलीपलीकडे कुठलं वाहन नव्हतं आणि ते चालवायला शिकले ते सत्तावन्नाव्या वर्षी, तुमसरला जाऊन, लग्नाच्या वयाच्या पोरींबरोबर एका बाकावर बसून.

ट्रॅक्टरने ओढत आणलेली जीप अंगणात उभी राहिली तेव्हा सोबत सुट्या सामानाचं एक पोतंही उतरलं. स्टोरबाबूंच्या बायकोने, विमलाबाईंनी, पदर खोचून जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे गाडी हाय, समजलं मले," त्या म्हणाल्या. "आन् ह्या पोत्यात काय हाय? तिच्या अस्थी?"

"तिचंच सामान हाय," स्टोरबाबू म्हणाले. ते तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगला हात लावून पाहत होते. "ठेव कुठी बी."

विमलाबाईंनी ते ठेवलं. कुठे ठेवलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. ही या घराची जुनी पद्धत होती.

तुमसरच्या तुलाराम मिस्त्रीने दोन महिने खपून इंजिन सुरू केलं. डांबरी रस्त्यावर जीप बरी चालू लागली. पण स्टोरबाबूंना डांबरी रस्ता नको होता. त्यांना चिखलात जायचं होतं. कशासाठी, ते कुणाला कळेना. साठीला टेकलेल्या माणसाला चिखलाची हौस काहून सुटावी, यावर विहाराच्या पायरीवर बरीच चर्चा झाली आणि निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी होतंच, असा निर्वाळा देण्यात आला.

त्यांची मुलगी हर्षा नागपुरात नोकरीला. बापाने फोन करून सांगितलं की जुन्या फोर-व्हीलला चिखलासाठी काय काय लावतात, त्याची यादी इंटरनेटवरून काढून दे. मोबाइलवर नको, कागदावर पाहिजे. पोरगी गुणाची. तिने पुष्कळ वाचून, मराठीत, स्वच्छ अक्षरात दोन पानं लिहून पाठवली. सगळ्यात वर लिहिलं होतं: नवीन काही घेण्याआधी आहे ती गाडी तपासा, जॅकवर उचलून चारही चाकांना ताकद पोचते का पाहा. त्याखाली: चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा निम्मी करा. त्याखाली: ओढायचा हूक चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, लावा, बंपरला लावू नका. मग चांगले टायर. मग स्प्रिंगला पट्टा वाढवून गाडी थोडी उंच. मग विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट. आणि अगदी शेवटी, हौस असेल तर, श्वासाचा उंच पाइप आणि जादा दिवे. पानाच्या पाठीवर, पाण्यातून गाडी कशी काढायची, तेही लिहिलं होतं.

आता स्टोरात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाची एक सवय असते. वही उघडली की तो शेवटची ओळ आधी वाचतो, कारण ताजा मामला तिथे असतो. स्टोरबाबूंनी यादी खालून वर वाचली आणि खालून वरच अमलात आणली. शिवाय ज्या ओळीत वस्तू नाही तिची नोंद नाही, हाही स्टोरचाच नियम. तपासा आणि हवा सोडा या दोन ओळींत घेण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्या त्यांच्या लेखी यादीत नव्हत्याच.

तर आधी दिवे आले. टपावर चार, बंपरवर दोन. मग इंजिनाला पाण्यातून श्वास घेता यावा म्हणून बोनेटच्या बाजूने टपापर्यंत एक काळा पाइप चढला. तो तुलारामने नळाच्या सामानातूनच बनवला होता, त्यामुळे वरच्या टोकाला कोपराही नळाचाच होता. विमलाबाईंनी विचारलं, "ह्यातून पानी येते का वाफ?" मग पुढे हाताने फिरवायचा विंच बसला. स्प्रिंगमध्ये एकेक पट्टा वाढला आणि गाडी इतकी उंच झाली की तिच्यात चढायला विमलाबाईंना पाट लागू लागला. शेवटी खोल खाचांचे जाड टायर आले. हूकही आला आणि बंपर समोरच असल्यामुळे बंपरलाच लागला. तुलाराम काहीतरी बोलत होता, पण स्टोरबाबूंनी त्याला हूकचा वजन पेलण्याचा आकडा सांगितला आणि तुलाराम गप्प बसला. हूक काही तुटणार नव्हता, हे खरंच होतं.

आषाढात एका सकाळी जीपची परीक्षा झाली. शेजारच्या मंगरूने धानाच्या शेताची आपली एक बांधी रोवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, चिखलून ठेवली होती. तिच्या कडेचा गाडीवाटेचा पट्टाही लोण्यासारखा झाला होता. गाव जमलं. स्टोरबाबूंनी चारही चाकांची लिव्हर मोठ्या रुबाबात ओढली, सहाही दिवे लावले, दिवसाढवळ्या, आणि गाडी घातली. ती तीन गाड्यांच्या लांबीइतकी गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल मंगरूच्या धोतरापर्यंत उडाला आणि जीप पोटावर बसली.

मंगरू बांधावरून शांतपणे म्हणाला, "स्टोरबाबू, गाडी बसली का आराम करून राहिली?"

"समोरचे चाक पकड घेऊन राहिले," स्टोरबाबू आतून म्हणाले. "जरासं राहिलं हाय."

जरासं काही सरेना. मग मंगरूने आपले दोन हेले, म्हणजे रेडे, आणले. चिखलणीच्या कामातले हेले ते, त्यांना यात नवीन काही नव्हतं. दोराचं टोक बंपरच्या हुकाला अडकवलं, मंगरूने जीभ टाळूला लावून आवाज केला, हेल्यांनी मान खाली घातली आणि निघाले. कडाड आवाज झाला. हेले चालतच राहिले. जीप जागेवर होती. हेले बंपर, हूक, विंच आणि दोन दिवे घेऊन घराच्या वाटेला लागले होते आणि त्यांना कुणी वेळेवर थांबवलंही नाही, कारण मंगरू खाली बसून हसत होता. हूक मात्र, स्टोरबाबूंनी सांगितल्याप्रमाणे, शाबूत होता.

जीप शेवटी ट्रॅक्टरने मागून ओढून काढली. त्या दिवसापासून जीपचं नाव हेल्याचं लेकरू पडलं. स्टोरबाबू वरवर हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

आता हे सांगायला हवं, नाहीतर माणूस नुसताच वेडा वाटेल. त्र्याण्णव सालच्या श्रावणात विमलाबाईंचे वडील बोडीटोल्याला एकाएकी गंभीर झाले. बोडीटोला म्हणजे सिहोऱ्याच्या फाट्यावरून सात किलोमीटर आत. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलबंडीसुद्धा विचार करून घालतात. मधे एक नाला. निरोप सकाळीच आला होता. हीच जीप तेव्हा नवी, हिरवीगार, चारही चाकांची, खाणीच्या आवारात उभी होती. साहेब ऑफिसात होते. स्टोरपासून ऑफिसचं दार वीस पावलं. स्टोरबाबू उठले, वीस पावलं चालले, दारापाशी उभे राहिले आणि परत फिरले. जीपच्या दारावर लिहिलेलं होतं, केवळ कार्यालयीन कामासाठी. सासऱ्याचा जीव हे कार्यालयीन काम नव्हतं.

नवरा-बायको बसने फाट्यावर उतरले आणि चालत निघाले. गुडघ्याएवढा चिखल. नाल्याचं पाणी ओसरेपर्यंत दीड तास काठावर बसावं लागलं. बोडीटोल्याला पोचले तेव्हा अंत्यविधी आटोपून लोक हातपाय धूत होते. विमलाबाईंनी बापाचं तोंड पाहिलं नाही.

त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत. एरवी भाजीत मीठ जास्त झालं तर त्याचाही दोष नवऱ्याला देणारी बाई ती. त्यांनी भांडून घेतलं असतं तर स्टोरबाबूंना सोपं गेलं असतं. ते न झालेलं भांडण त्यांनी तेवीस वर्षं उराशी बाळगलं. म्हणून ती जीप, तीच, दुसरी कुठलीच नव्हे. एकदा, एका श्रावणात, त्या वाटेने, बायकोला माहेरी न्यायचं. हे त्यांनी ना गावाला सांगितलं, ना हर्षाला, ना जिच्यासाठी हे चाललं होतं तिला.

आणि आषाढातल्या त्या फजितीनंतरच्या श्रावणातच बोडीटोल्याहून विमलाबाईंच्या भावाचा, जीवनचा, फोन आला. आई, आनंदाबाई, शहाऐंशी वर्षांच्या. आजार असा काही नाही, पण अन्न कमी झालं होतं आणि दोन दिवसांपासून एकच धोशा: विमलला बोलव. जीवन म्हणाला, "बाई, येता येईल तं ये. पर नाल्याले पानी हाय, आन् तुझे गुडघे मले माहीत हाये."

विमलाबाईंनी फोन ठेवला. गेल्या दोन वर्षांत त्यांना विहाराच्या पायऱ्या चढताना हात धरावा लागत होता. सात किलोमीटर चिखल त्यांच्याने होणार नव्हता. त्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि काहीच करेनात. त्या काहीच करत नाहीत असं या घरात कधी झालं नव्हतं.

स्टोरबाबूंनी तुलारामला फोन लावला.

तुलाराम दुपारच्या बसने आला. या खेपेला स्टोरबाबूंनी हर्षाची यादी त्याच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच म्हणाले, "तूच पाहा. मले नाही समजत." तुलारामने पहिली ओळ वाचली, जॅक लावला आणि गाडीखाली सरकला. फारच लवकर बाहेर आला.

"बाबू, एक गोष्ट इचारू? राग नोका मानू."

"इचार."

"समोरचा शाफ्ट कुठी हाय?"

"कोनता?"

"अजी, जो गिअरच्या डब्यापासून समोरच्या एक्सलले ताकद नेते तो. तोच नाही. तुम्ही लिव्हर वढता, पर तो लिव्हर कोनालेच काही सांगून नाही राहिला. मी इंजिनाचं काम केलं, इकडं पाह्यलंच नाही. तुमी म्हनले फोर-व्हील, मी म्हनलं असंन."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. पण स्टोरबाबूंचा चेहरा पडला तो वेगळ्या कारणाने. त्यांना आठवलं. नव्याण्णव साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच उन्हाळ्यात खाणीत डिझेल वाचवायचा हुकूम निघाला होता. जीप तेव्हा फक्त ऑफिस ते रेल्वे स्टेशन फिरे, वाट सगळी डांबरी. पुढचा शाफ्ट उगाच फिरतो, काढून ठेवला तर डिझेल वाचेल, अशी सूचना एका कर्मचाऱ्याने लेखी दिली होती. साहेबांनी शाबासकीही दिली होती. तो कर्मचारी म्हणजे आपले स्टोरबाबूच. ड्रायव्हर हिरालालने शाफ्ट काढून आणला, यांनी त्याला ग्रीस लावलं, पत्र्याची पट्टी बांधली आणि रॅकवर ठेवला. जिल्हा फुटला आणि जीपही फुटली, फक्त जिल्ह्याची बातमी झाली.

"लिलावात पोतं आलं होतं," ते म्हणाले. "त्यात असंन."

पोतं उलटं केलं. ब्रेकचे पाइप निघाले, दोन आरसे, एक हॉर्न, उंदराचं घरटं. शाफ्ट नव्हता. कोठी झाली, गोठा झाला, माळा झाला. संध्याकाळ होत आली तसे स्टोरबाबू ओसरीच्या पायरीवर बसले. ज्याने पस्तीस वर्षांत एक खिळा हरवू दिला नाही, त्याच्या घरात अडीच फुटांची लोखंडी वस्तू सापडत नव्हती आणि उद्या सकाळी निघायचं होतं.

विमलाबाईंनी तुलारामला चहा दिला. तो कपातून फुंकर मारत अंगणात पाहत होता. अंगणात विमलाबाईंची बकरी, मैना, दोरीला हिसके देत होती. तुलाराम बराच वेळ बकरीकडे पाहत राहिला.

"वयनी," तो म्हणाला, "बकरी कायले बांधली हाय?"

"खुंट्याले."

"खुंटा कायचा हाय?"

"लोखंडाचा. लाकडाचे दोन उपटले तिनं. हा दोन वर्षांत हालला नाही."

तुलारामने कप खाली ठेवला. काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्या वस्तूचा नंबर स्टोरबाबू झोपेत सांगू शकत होते, तिला रोज सकाळी दात घासताना ठेच लागून ते शिव्या देत होते. एक टोक हातभर जमिनीत, दुसऱ्या टोकाच्या जॉइंटात बकरीची दोरी. दोरीची गाठ बसायला त्यापेक्षा चांगली जागा शोधूनही मिळाली नसती.

"तू हा इथं गाडला?" स्टोरबाबूंनी विचारलं.

"तुमीच म्हनले, ठेव कुठी बी," विमलाबाई म्हणाल्या. "त्याले पट्टी बी होती. तुमच्याच अक्षराची. जपून ठेवणे, असं लिहिलं होतं. जपूनच ठेवला. गाडीच्या सामानातली यापेक्षा कामाची वस्तू दाखवा मले."

दाखवता येण्यासारखी नव्हती. खुंटा उपटायला तिघे लागले. विमलाबाईंनी मात्र आधी मैनेची सोय करा, मगच हात लावा, असं बजावलं. तेव्हा मंगरूच्या गोठ्यातून तुटलेला बंपर आला, त्याचा एक तुकडा जमिनीत ठोकला गेला आणि त्याच हुकाला मैना बांधली गेली. हुकाचा वजन पेलण्याचा आकडा अखेर कामी आला.

जमिनीतल्या टोकाचा जॉइंट गंजून गच्च झाला होता. तुलाराम मुक्कामी राहिला, सकाळच्या पहिल्या बसने तुमसरला जाऊन त्या जॉइंटात बसणारा नवा क्रॉस घेऊन आला, आणि अकराच्या सुमारास शाफ्ट सतरा वर्षांनी आपल्या जागी गेला. तुलारामने दोन मजबूत हूकही चेसिसला वेल्ड केले, पुढे एक नि मागे एक. मग गाडी जॅकवर उचलली, लिव्हर ओढली आणि पुढची चाकं फिरली. स्टोरबाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा वाकून, जमिनीवर गुडघे टेकून, गाडीच्या खाली पाहिलं.

मग त्यांनी अंगणातला पाट उचलून जीपपाशी ठेवला आणि म्हणाले, "चाल."

"कुठी?"

"बोडीटोल्याले."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लुगडं बदलायला आत गेल्या आणि येताना मायसाठी धानाचे मुरमुरे आणि एक चादर घेऊन आल्या.

सिहोऱ्याच्या फाट्यावर डांबर संपलं. स्टोरबाबूंनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि एकेका टायरमधली हवा सोडायला बसले. विमलाबाई सातवी पास. त्यांनी हर्षाची पानं मांडीवर घेतली होती आणि आता त्या वरून खाली वाचत होत्या.

"निम्मी करा, लिहिलं हाय पोरीनं. तुमी पाव बी नाही केली."

"करून राहिलो."

"हे तं फुकटाचं काम हाय. आषाढात काहून नाही केलं?"

स्टोरबाबू पुढच्या टायरकडे सरकले. पुढची वाट हळूहळू कापली गेली. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत रोवणा चालला होता. ओणव्या बाया पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या हातात धरून सरळ झाल्या आणि पाहू लागल्या, कारण या दिवसांत या वाटेला मोटार ही गोष्ट त्यांनी पाहिलेली नव्हती. गाडी डुलत होती, घसरत होती, पण पुढची चाकं चिखल खाली दाबून गाडीला ओढत होती, हे स्टोरबाबूंना हातातल्या स्टिअरिंगमधून कळत होतं. आषाढात पकड घेऊन राहिले असं ते म्हणाले होते तेव्हा त्यांना असं काहीच कळलं नव्हतं.

नाला आला. पाणी मांडीभर, गढूळ, पण फार ओढ नव्हती. पलीकडच्या काठावर जीवन बंडी जुंपून उभा होता. त्याचा जीपवर विश्वास नव्हता आणि त्याने तो लपवलाही नाही.

"वाच," स्टोरबाबू म्हणाले.

"लहान गिअर. हळू उतरा. एकसारखं चालवा. मधात गिअर बदलू नका. मधात थांबू नका." विमलाबाईंनी पुन्हा एकदा वाचलं, "थांबू नका, याच्याखाली रेघ मारली हाय."

जीप पाण्यात उतरली. पाणी दाराला लागलं. नळाचा पाइप टपावर कोरडाच होता. खाली वाळू आणि गोटे, चाकं किंचित फिरली आणि धरली. बरोबर मध्यावर आल्यावर विमलाबाईंनी कागदाची घडी केली, समोर पाहत राहिल्या आणि यादी वाचत होत्या त्याच आवाजात विचारलं,

"त्या दिवशी तुमी साहेबाले इचारलं असतं, तं साहेब नाही म्हनला असता का?"

स्टोरबाबूंना थांबता येत नव्हतं. वळून पाहता येत नव्हतं. पाय एकसारखा ठेवायचा होता.

"नाही म्हनला नसता," ते म्हणाले. "गाडी गाडी देल्ली असती. मीच इचारलं नाही. दरवाजापर्यंत गेलो होतो. मनातल्या मनातच साहेबाकडून नाही म्हनून घेतलं आन् वापस आलो. माझी चूक झाली, विमल."

"मले माहीत हाय. हिरालालनं सांगलं होतं. तो चाबी हातात घेऊन गाडीत बसला होता. त्याले वाटलं, तुमी आता बाहेर येऊन चाल म्हनान."

जीपचं तोंड वर झालं. पुढची चाकं काठाच्या चिखलात रुतली, क्षणभर घोटाळली आणि चढू लागली.

"तू मले कधी बोलली नाही," स्टोरबाबू म्हणाले.

"तुमी कधी इचारलं नाही. तुमाले इचाराची सवयच नाही जी, ना साहेबाले, ना मले." मग त्या म्हणाल्या, "समोर पाहा. थांबाचं नाही हाय."

जीप काठावर आली. जीवनने बंडी बाजूला घेतली आणि जय भीम करायचंही विसरला.

आनंदाबाई ओसरीत खाटेवर होत्या. मोटारीचा आवाज त्यांनी आधीच ऐकला होता आणि कोपरावर उठून बसल्या होत्या. विमलाबाई गुडघे धरत पायरी चढून गेल्या, खाटेवर बसल्या आणि आईचं डोकं त्यांनी आपल्या खांद्याला लावून घेतलं. मग म्हातारीने बारीक डोळ्यांनी अंगणात पाहिलं.

"मोटार कोनाची हाय? साहेबाची?"

"नाही माय," विमलाबाई म्हणाल्या. "माझी हाय."

स्टोरबाबू अंगणात होते. त्यांनी पायाचा पंप काढला आणि टायरपाशी बसून हवा भरायला घेतली. हवा भरायची काही घाई नव्हती, परतायचं तर त्याच चिखलातून होतं. पण त्यांना सगळ्यांकडे पाठ करून बसायला काहीतरी काम हवं होतं. डोळे पुसायला हात ग्रीसचे होते, म्हणून डोळे त्यांनी बाहीला पुसले आणि तोंडही बाहीलाच पुसलं.

थोड्या वेळाने ते उठले. अंगणातून ओसरीच्या दारापर्यंत मोजून आठ-दहा पावलं होती. दारापाशी ते थबकले. मग उंबऱ्याला हात लावून आत वाकले.

"विमल, किती दिवस राहाचं हाय इथं?"

विमलाबाईंनी आईच्या खांद्यावरून मान वर केली. "मले इचारून राहिले का?"

"हो."

"तं चार दिवस राहू," त्या म्हणाल्या. "मैनेले पाहाले मंगरूले फोन करा."

स्टोरबाबूंनी मंगरूला फोन केला. चार दिवस ते राहिले. आनंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले आणि मोटारीत बसायचं म्हणून हट्ट धरला. तेव्हापासून रोज चार वाजता जीवन आणि स्टोरबाबू म्हातारीला खाटेवरून उचलून पुढच्या सीटवर ठेवत आणि स्टोरबाबू तिला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत नेऊन आणत. दारावरची अक्षरं पुसट झाली होती, तरी जीवनला ती वाचता आली. केवळ कार्यालयीन कामासाठी, असं त्याने मोठ्याने वाचलं. स्टोरबाबूंनी सासूच्या मांडीवर चादर नीट केली आणि गाडी सुरू केली.